आईनं तुम्हाला काय सांगितलं होतं

डॉक्टर, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले की माझं पत्र डिस्चार्ज समरीसारखं होतं, असं तुम्हीच मला एकदा सुनावलं होतंत. शिवाय तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली, तेव्हा कुठल्याही भाषेत लिहिलं तरी तुमचं काही अडत नाही. सोय माझी आहे. तुमच्याशी मी जे एक मोठं खोटं बोलले, ते इंग्रजीत बोलले होते, आणि तेव्हा माझी आई शेजारी पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्या खोट्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. घाई करू नका, पेशंटला घाई करायची नाही हेही तुमचंच.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नुकतीच रेसिडेन्सी संपवून आयसेलिनच्या शेजारच्या आपल्या गावात तुमच्याकडे नोकरीला लागले. खाली न्हाव्याचं दुकान, वर आपला दवाखाना, आणि जिन्यात कायम आफ्टरशेव्हचा वास. इंटरव्ह्यूला मी सगळी सर्टिफिकेटं फाइलला लावून नेली होती. तुम्ही ती उघडलीसुद्धा नाहीत. विचारलंत, "तू जिथे वाढलीस तिथे डॉक्टर कोण होता?" मी म्हटलं, आमच्या नागपूरच्या वस्तीत डॉक्टर नव्हता, एक कंपाउंडर होता, तोच सगळ्यांना इंजेक्शन द्यायचा. तुम्ही हसलात. तुमच्या आयर्लंडमधल्या खेड्यात डॉक्टर होता, पण तो सायकलवरून येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असायचा नाहीतर गेलेला, असं म्हणालात आणि "सोमवारी ये" म्हणून हात पुढे केलात. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की हा माणूस आपला. बापाविना वाढलेली मुलगी असं पटकन ठरवून टाकते, त्यात समोरच्याला काही विचारायची पद्धत नसते.

पहिल्याच महिन्यात तुमची बोलणी खाल्ली. एका बाईला रिपोर्ट वाईट आलाय हे मी दारात उभी राहून, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून सांगितलं. बाहेर बारा माणसं खोळंबली होती. तुम्ही मला मागच्या खोलीत नेलंत, आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "माझे वडील पोस्टमन होते. तार घेऊन गेले की तेसुद्धा आधी बसायचे." बस्स, एवढंच. मी आजही खुर्ची ओढल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. पण तेव्हा मला राग आला होता, आणि रागाखाली आनंदही होता, कारण बोलणी खायला मिळाली म्हणजे आपण शिष्य झालो, असं मला वाटलं.

अडचण एकच होती. तुम्ही माझे पूर्ण नव्हतात. तुमची अर्धी माणसं टाउन हॉलमध्ये बसायची. रस्ता ओलांडताना तुमच्या एका म्हाताऱ्या पेशंटला मोटारीनं उडवलं, तुम्ही कौन्सिलच्या सभेत जाऊन सिग्नल मागितलात, आणि वेळ संपली म्हणून त्यांनी तुमचा माइक बंद केला. तेवढ्यावरून तुम्ही निवडणुकीला उभे राहिलात आणि निवडून आलात. हे सगळं मी येण्याआधीचं. मी आले तेव्हा सिग्नल लागला होता, आणि पेशंट तुम्हाला नाडी दाखवता दाखवता गटारं, शाळेची बस आणि शेजाऱ्याचं कुत्रं यांच्या तक्रारी सांगत. मंगळवारी दुपारनंतर तुम्ही सभेला जायचात आणि तुमचे पेशंट माझ्या वाट्याला यायचे. आत आल्यावर माझ्याकडे बघून पहिला प्रश्न, "डॉक्टर कुठे आहेत?" मी पांढरा कोट घालून समोर उभी. तुमचा उच्चार इथला नव्हता, माझाही नव्हता. तुमच्या उच्चारावर म्हाताऱ्या खूश व्हायच्या, माझ्या उच्चारावर त्या "पार्डन?" म्हणायच्या. माझा जीव जळायचा. मला टाउन हॉलचा राग यायचा, त्या म्हाताऱ्यांचा यायचा, आणि सगळ्यांना तुम्ही पुरता कसे, याचाही यायचा.

मग आई आली. सहा महिन्यांसाठी म्हणून आली. नवरा दुसऱ्या राज्यात, हर्नडनला कॉन्ट्रॅक्टवर, शुक्रवारी यायचा, रविवारी जायचा. घरात आम्ही दोघी. मी तुम्हाला जेवायला बोलावलं ते तुमच्यासमोर आईला मिरवायला आणि आईसमोर तुम्हाला. आईनं चहा केला, तिच्या पद्धतीचा, चमचा उभा राहील असा. तुम्ही एक घोट घेतलात, डोळे मिटलेत आणि कप पुढे केलात, अजून द्या म्हणून. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "या देशात पहिला मानूस भेटला ज्याले चहा समजते." त्यानंतर तासभर मी फक्त दुभाषी होते. तुम्हाला कुठूनसं कळलं की आई तरुणपणापासून वस्तीतल्या निवडणुकांत काम करायची. स्वतः कधी उभी राहिली नाही, पण बुद्धविहाराच्या पायरीवर बसून अख्ख्या वॉर्डाची यादी ती तोंडपाठ म्हणायची. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. त्या नोव्हेंबरात तुम्ही कौन्सिलची जागा सोडून मेयरसाठी उभे राहणार होतात. "तिला विचार, ती सुरुवात कुठून करते?" आई म्हणाली, "इलेक्शन म्हंजे भाषन असते का? घर मोजा लागते." तुम्ही टेबलावर थाप मारलीत. तुमचे वडीलही हेच म्हणायचे म्हणे. गावातलं कुठलं घर कुणाचं, हे पोस्टमनला पाद्र्यापेक्षा जास्त माहीत.

दुसऱ्या आठवड्यात मतदारांची छापील यादी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. आई सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची. तिनं तीन रंगीत पेन्सिली आणायला लावल्या. निळी म्हणजे पक्कं घर. लाल म्हणजे समोरच्याचं. पिवळी म्हणजे गोडबोल्या, जो दारात हो हो म्हणतो आणि मत भलतीकडे देतो. हा शब्द तुम्ही पाठ केलात. संध्याकाळी दवाखाना बंद करताना मला विचारायचात, "आज गोडबोले किती?" आणि मी काय तेवढ्याचसाठी एमडी झाले होते? शनिवारी तुमच्या जुन्या गाडीत आई पुढच्या सीटवर बसायची. तिच्या मांडीवर चिठ्ठ्या असायच्या. प्रत्येक मतदाराच्या नावाची वेगळी चिठ्ठी, तिच्या हातची, मोठ्या अक्षरांत: नाव, मतदान जिथे व्हायचं ते फायरहाऊस, वेळ. दारात ती हात जोडायची आणि तिची सगळी इंग्रजी वापरून म्हणायची, "गुड डॉक्टर." पोलिश म्हाताऱ्या तिला आत बोलावून केक द्यायच्या. त्याच म्हाताऱ्या, ज्या मला पार्डन म्हणायच्या.

तुमच्या बहिणीनं आयर्लंडहून लोकरीचे मोजे विणून पाठवले, तुम्ही ते आईला दिलेत. मला तुम्ही मेडिकल जर्नलचे जुने अंक दिलेत, खुणा करून. आज मला कळतं की त्या खुणा करायला तुम्हाला कितीतरी रविवार लागले असतील. पण तेव्हा मला मोजे हवे होते.

ऑक्टोबर संपत आला तेव्हाची ती दुपार. तुम्ही जेवायला आला आहात, आईनं गोळाभात केला आहे, वरून गरम तेल घालून. तुम्ही हातानं जेवता आहात, आणि मी एका पेशंटच्या पोटॅशियमबद्दल बोलते आहे, लांबलचक. तुम्ही मला मध्येच थांबवता. "तिला विचार, ती का जेवत नाही?" मी विचारते. आई म्हणते, "उपास हाय." मी तुम्हाला सांगते, उपास आहे. तुम्ही विचारता, "कधीपर्यंत?" आई म्हणते, "इलेक्शनपर्यंत." मी तेही सांगते आणि पुन्हा पोटॅशियमवर येते.

डॉक्टर, माझ्या आईनं जन्मात कधी उपास केला नव्हता. वस्तीतल्या बायकांचे उपास सोडवणारी बाई ती. आपण बौद्ध झालो ते उपाशी राहायला का, असं चारचौघींत विचारायची. मी तिची मुलगी, त्यात डॉक्टर, आणि तो शब्द माझ्या कानावरून नुसता गेला. मी त्याचं इंग्रजी केलं आणि पुढे सरकले, कारण मला तुमच्याशी पोटॅशियमवर बोलायचं होतं. तुम्हाला आमच्यातलं काही माहीत नव्हतं, तरी तुम्ही तिच्या ताटाकडे बघत राहिलात. मग तिच्या डोळ्यांतल्या पिवळेपणाकडे. दोन दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये राउंडला गेलेली असताना आई तुमचा डबा घेऊन दवाखान्यात आली आणि तुम्ही तिला तपासलंत, स्वतः नेऊन स्कॅन करून आणलंत. भाषेशिवाय. तिनं कॅलेंडरवर निवडणुकीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. हे मला नंतर कळलं.

त्याच सुमारास शुक्रवारी आलेल्या माझ्या नवऱ्यानं टेबलावरची यादी उचलून पाहिली. छापील नावं संपल्यावर खाली आईनं हातानं, मराठीत, पानंच्या पानं लिहिली होती, ओक ट्री रोडच्या मागच्या गल्ल्यांमधली आपल्या लोकांची घरं, सगळी निळी. तो म्हणाला, "यार, यातले निम्मे माझ्यासारखे एच-वन व्हिसावर आहेत. हे व्होट कसं करणार? तू आईंना सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, राहू दे, तिचा उत्साह जाईल. दया म्हणून म्हटलं, असं मी त्याला भासवलं. खरं म्हणजे तुमची दोघांची ती यादी मला डोळ्यांत खुपत होती, आणि ती कुठेतरी चुकलेली आहे हे बघून मला बरं वाटलं. आईला वाटत होतं, माणूस गावात राहतो म्हणजे त्याला मत असतंच. तिच्या वस्तीत कुणाला घर नव्हतं, कुणाला काम नव्हतं, पण मत सगळ्यांना होतं. आणि आपली माणसं तरी कशी, दारात मावशी हात जोडून उभी म्हटल्यावर कोण सांगेल की आम्हाला मत नाही? "हो मावशी, डेफिनेटली, डॉक्टरांनाच," म्हणून सगळ्यांनी चहा पाजून पाठवलं.

तुम्ही हरलात. थोडक्यात हरलात, पण हरलात. आई फायरहाऊसबाहेर दिवसभर उभी होती आणि तिच्या निळ्या घरांतलं कुणीच येत नव्हतं. संध्याकाळी आपल्यातल्या एका काकूंनी तिला समजावून सांगितलं, "मावशी, आम्ही अजून सिटिझन नाही झालो हो. पण आमचा सपोर्ट होता ना." आई घरी येऊन कोट न काढता बसून राहिली. तुम्ही निकाल लागल्यावर तिला भेटायला आलात, हार घालायला आल्यासारखे हसत. तिनं तुमच्यापुढे यादी धरली आणि कपाळावर हात मारला. तुम्ही यादी घडी करून तिच्याच हातात परत ठेवलीत. मी मध्ये उभी होते, पण त्या वेळी तुम्हाला दोघांना दुभाषी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला मागच्या खोलीत बोलावलंत आणि खुर्ची ओढलीत. तुम्ही खुर्ची ओढलीत तेव्हाच मला कळलं. स्वादुपिंडाची गाठ. तिला आधीच माहीत होतं, तुम्हालाही. मी ओरडले. दवाखान्यात मी एकदाच ओरडले, ते तेव्हा. "ती माझी आई आहे." तुम्ही म्हणालात, "आणि माझी पेशंट. तिनं मला थांबायला सांगितलं होतं." त्या आठवड्यानं उपचारात काही फरक पडला नसता, हे मला डॉक्टर म्हणून माहीत होतं. पण मी तेव्हा डॉक्टर नव्हते. माझ्या आईनं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्याआधी एका परक्या माणसाला सांगितली होती. आणि तुम्ही, ज्यांनी मला कधी शनिवारी गाडीत पुढच्या सीटवर बसवलं नाही, ते तिची गोष्ट नऊ दिवस खिशात घेऊन माझ्याशेजारी पेशंट तपासत होतात. कुणाचा राग जास्त आला, हे मी आजही सांगू शकणार नाही. तुम्ही माझी आई घेतलीत आणि आईनं माझे डॉक्टर घेतले. मी मधल्यामध्ये राहिले.

त्या हिवाळ्यात तुम्ही दर गुरुवारी यायचात. आई पलंगावर, तुम्ही स्टुलावर, चहा आता मी करायचे. एकदाही तुम्ही दोघांनी तो चांगला झालाय म्हटलं नाही. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तुम्ही कप बाजूला ठेवलात. पुढच्या नोव्हेंबरात कौन्सिलची एक जागा होती, पक्षाची माणसं मागे लागली होती, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तुम्ही मला म्हणालात, "तिला विचार, मी पुन्हा उभा राहू का? या गावात निवडणूक समजणारी ती एकटीच आहे. ती सांगेल तसं करीन." मला विचारलं नाहीत. मी तिथेच होते, तीन वर्षं तुमच्या टेबलाशेजारच्या टेबलावर बसत होते, मला एकदाही विचारलं नव्हतंत.

मी आईला विचारलं. ती उशीवरून सरळ होऊन बोलायला लागली, आणि त्या दिवसांत ती एवढं कधी बोलत नसे. "त्यायले म्हना, उभे राहा. घाबरू नका. मी मानसं बराबर मोजली होती, साल चुकलं माह्यं. आज जे व्हिसावर हायेत ते उद्या मतदार होतीन. त्या गल्लीतलं एकेक घर तुमचं हाय, आज नाही तर चार वर्षांनं. यादी फेकू नका म्हना. आन् मी असो का नसो, चिठ्ठ्या हातानंच लिवा."

तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. मी म्हटलं, "शी सेज, इनफ. ती म्हणते, आता पुरे. तुम्ही डॉक्टर आहात, तुमच्या पेशंटांकडे परत जा."

तुम्ही मान हलवलीत, आईचा हात दोन्ही हातांत घेतलात, कोट घातलात आणि गेलात. आई दाराकडे बघत राहिली. "मी एवढं बोलली आन् तू एवढुसंच सांगतलं?" मी म्हटलं, इंग्रजीत थोडक्यात होतं. "मंग तो हसला काऊन नाही?" मी म्हटलं, थकलेत ते. एप्रिलमध्ये ती गेली. तुम्ही तिच्या अंत्यविधीला सगळ्यात मागे उभे होतात, आणि त्रिशरण चालू असताना तुमचेही ओठ हलत होते. तुम्ही काय म्हणत होतात कोण जाणे.

तुम्ही उभे राहिला नाहीत. तेव्हाही नाही, पुढेही नाही. काही वर्षांनी आईच्या त्या गल्ल्यांमधली माणसं शपथ घेऊन सिटिझन झाली, भराभरा नावं नोंदवली गेली, आणि त्यांच्या मतांवर दुसराच कुणी मेयर झाला. तुम्ही पेपर घडी करून ठेवलात आणि म्हणालात, "तुझी आई असती तर यांना आधीच रंग दिले असते." मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता टाउन हॉलवाल्यांनी त्या सिग्नलच्या कोपऱ्याला तुमचं नाव द्यायचं ठरवलं आहे. मला चार वाक्यं बोलायला सांगितलं आहे. पाटीवर काय लिहायचं ते त्यांनी मला दाखवलं: राजकारण सोडून आपल्या रुग्णांकडे परतलेला डॉक्टर. गावात सगळे असंच म्हणतात, तुमच्या शोकसभेतही म्हणाले होते, आणि मी तेव्हाही मान हलवली होती. मी त्यांना पाटी दुरुस्त करायला सांगणार नाही. भाषणातही तेच म्हणेन, त्यांना माझा उच्चार आता व्यवस्थित कळतो.

मला पस्तावा होतो असं लिहिण्यासाठी मी बसले होते. आईचा होतो. तिचं शेवटचं काम मी मोडलं. तुमच्या बाबतीत लिहायला गेले की पेन थांबतं. त्या गुरुवारनंतर तुम्ही वारलात तोपर्यंतची आठ वर्षं तुम्ही मंगळवारीसुद्धा दवाखान्यात असायचात. दोन पेशंटांच्या मध्ये माझ्या दारात येऊन टेकायचात, एखाद्या एक्स-रेवर माझं मत विचारायचात, आणि मी जे सांगेन ते खरंच ऐकून घ्यायचात. मला ते फार आवडायचं.